कौसाआक्काच्या गोळ्या

कौसाआक्काच्या ओट्यावर चढायचं तर आधी तोंडाचा वास द्यावा लागे. तलाठी असो, पोस्टमन असो, नाहीतर पोरगी बघायला आलेले पाहुणे असोत, आक्का माणसाला पायरीपाशीच गाठायची, हातभर अंतरावर तोंड न्यायची आणि विचारायची, "काय म्हणता, बरं हाय ना?" समोरचा "बरं हाय" म्हणेपर्यंत तिला जे कळायचं ते कळलेलं असायचं. वास आला तर ती दोन पावलं मागं सरायची आणि म्हणायची, "मग तिथूनच बोला."

मी सोनपेठ तालुक्यातल्या त्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेवर रुजू झाले तेव्हा तिच्या घरातली रस्त्याकडची खोली भाड्यानं घेतली. पहिल्या दिवशी माझीही परीक्षा झाली. मी हसून म्हटलं, "आक्का, मी कशाला पिते?"

"पिण्याचं न्हाई बघायलेय. मिसरी लावता का ते बघायलेय. बायांचं तिथंच अडतं."

उंच, हाडापेरानं मोठी बाई. अंगणवाडीवर सेविका म्हणून सगळी उमर काढली आणि निवृत्त झाली तरी गाव तिला अंगणवाडीच वाटायचं. गावातली निम्मी माणसं तिनं लहानपणी वजनकाट्याच्या झोळीत बसवलेली होती, त्यामुळे सरपंचालाही ती पूर्ण नावानं, बापाच्या नावासकट हाक मारायची आणि वर सांगायची, "लय हलकं होतं हे लेकरू. आता बघा." सरपंच खाली मान घालून हसायचा. घरात भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली तिच्या पोराचा पदवी घेतानाचा फोटो. पोरगा पुण्याला कंपनीत होता. नवरा दादाराव शेती बघायचा. चार एकरांत राबणारा, इतका कमी बोलणारा माणूस की मला पहिला महिनाभर त्याचा आवाजच माहीत नव्हता. आक्का दोघांचंही बोलून घ्यायची.

तिचा मोठा पराक्रम म्हणजे गावातलं देशी दारूचं दुकान. बायांचं मतदान घेऊन तिनं ते बंद पाडलं होतं. ही गोष्ट मी तिच्याकडून, दादारावाशेजारी बसून, निदान दहा वेळा ऐकली असेल. एका माणसानं बायको मतदानाला जाऊ नये म्हणून तिला घरात कोंडलं, तर आक्का सूप घेऊन गेली आणि त्याच्या दारासमोर तूर निवडत बसली. शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही. येणारा-जाणारा विचारायचा, "आक्का, इथं कामून बसलाव?" आक्का सांगायची, "ह्यांच्या मंडळीची वाट बघायलेय." दुपारी त्यानं आपणहून कडी काढली.

दारूबद्दल तिचं एकच म्हणणं असायचं. "मनावर घ्या. कोण हात धरायलंय?" नवऱ्याचं गाऱ्हाणं घेऊन आलेल्या बाईला ती हेच सांगायची, नवऱ्यालाही हेच. सोडत नाही तो नालायक, इतका सरळ हिशेब.

आणि ह्या हिशेबातून तिचा सख्खा दीरही सुटला नव्हता. त्याचं नाव उत्तम. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहायचा, गवंडीकाम करायचा आणि प्यायचा. आक्काच्या पोराच्या लग्नात तो पिऊन पंगतीत बसला, तेव्हा आक्कानं सगळ्या सोयऱ्यांदेखत त्याच्या पुढचं ताट उचललं. म्हणाली, "उठा." तो उठला. त्यानंतर तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं. पुढं त्यानं परभणीच्या सरकारी दवाखान्यात राहून दारू सोडली, सुटून बरीच वर्षं झाली होती, कामाला नीट जात होता. पण आक्का बधली नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाली, "दवाखान्यात जाऊन कुणीबी सोडंल. मनानं सोडाय पाहिजे." उत्तमराव रोज आमच्या ओट्यासमोरून जायचे. मान खाली घालून, चपलांचा आवाज न करता.

मी तिथं राहायला लागल्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आक्का पडली. गंगाखेडहून एक लग्न आटोपून येताना ऑटो कलंडला आणि तिचं हाड खुब्यापाशी मोडलं. परभणीला ऑपरेशन झालं, आत रॉड बसवला. घरी आली तेव्हा कळ इतकी की कूस बदलताना ओठ दाताखाली धरायची, पण ओरडायची नाही. डॉक्टरांनी दुखण्यासाठी एक कॅप्सूल लिहून दिली होती. अर्धी हिरवी, अर्धी पिवळी, ट्रॅमाडॉल नावाची. ती घेतली की थोड्या वेळानं आक्काचा चेहरा सैल व्हायचा. "ह्या गोळीनं माणसात आणलं बघा," म्हणायची. आम्हा सगळ्यांनाच त्या गोळीचं कौतुक वाटलं होतं.

गोळी थोड्याच दिवसांसाठी लिहिलेली होती. पण दुखणं थोड्या दिवसांत गेलं नाही, आणि मेडिकलवाला ओळखीचा. जुनी चिठ्ठी दाखवली की तो पाकीट द्यायचा, पुढं पुढं चिठ्ठीही मागेना. पावसाळा गेला, संक्रांत गेली. आक्का काठी घेऊन चालायला लागली, आणि गोळ्या मात्र वाढल्या. आधी एकीनं भागायचं, मग दोन, मग दोन्हीही पुरेनात. तिचं बोलणं बदललं. गोळी पोटात असली की गोड, जरा पेंगुळलेली. उतरत आली की शाळेतून आलेल्या माझ्या चपलेच्या आवाजावरही खेकसायची. पूर्ण नावानं हाका मारणं बंद झालं. ओट्यावर कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या तोंडाला कसला वास, तिला फिकीर राहिली नाही. दादाराव एकदा म्हणाला, "गोळ्या लय झाल्या." आक्का ताडकन म्हणाली, "औषध हाय ते. दारू न्हाई."

मग एकदा मेडिकलवाल्यानं नवी चिठ्ठी आणा म्हणून सांगितलं. वरून तपासणी होती म्हणे. आक्का म्हणाली, "राहू द्या, मला काय गरज हाय?" दुसऱ्या दिवशी तिला सर्दी झाली. नाकाडोळ्यांतून पाणी, एकामागून एक जांभया, उन्हाळ्यात अंगावर काटा. संध्याकाळपर्यंत जुलाब सुरू झाले, पोटात पिळा पडायला लागला, आणि पाय तर जागेवर ठरेनात. बसली की उठायची, उठली की बसायची. सगळे म्हणाले, ताप फिरतोय. गावातल्या डॉक्टरनं सलाईन लावलं, उपयोग झाला नाही. ऑपरेशनचा खुबा पहिल्या दिवसासारखा ठणकायला लागला म्हणून दादाराव गंगाखेडला गेला आणि कुठूनतरी दोन-चार पाकिटं घेऊन आला.

आक्कानं गोळी घेतली. थोड्या वेळानं नाक थांबलं, पोट थांबलं, पाय शांत झाले. मी चहा घेऊन गेले तर ती खाटेवर सरळ बसलेली होती. मी म्हटलं, "उतरला वाटतं ताप." ती माझ्याकडं बघत राहिली. इतकं बरं वाटत असताना इतकं घाबरलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

"मॅडम," ती म्हणाली, "ताप न्हवता हा."

त्या पौर्णिमेला आम्ही विहारात गेलो. पंचशील घेताना आक्काचा आवाज नेहमी सगळ्यांच्या वर असायचा, बाया तिच्या मागून म्हणायच्या. त्या दिवशी चार शीलं झाली आणि पाचव्याला, नशेच्या गोष्टींपासून दूर राहण्याचं जे शील, त्याला तिचे ओठ हलले नाहीत. बाया क्षणभर अडखळल्या, मग आपल्या आपण पुढं म्हणाल्या. घरी आल्यावर तिनं उशाखालची पाकिटं काढली आणि काठी टेकत जाऊन मागच्या उकिरड्यात टाकली. हात झटकून म्हणाली, "झालं. मनावर घेतलं."

पुढचे दिवस मी विसरणार नाही. परत तेच सगळं, आधीपेक्षा जास्त. ती अंगणात फेऱ्या मारायची, भिंतीला पाय दाबून धरायची, दादाराव तिळाचं तेल चोळत बसायचा. अन्नाचा वास सोसेना. झोप नावालाही नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ती स्वतःला शिव्या द्यायची. गावातल्या बेवड्यांना तिनं जे जे म्हटलं होतं ते ते सगळं आता स्वतःला म्हणायची.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी उजाडताना मी पाणी भरायला मागं गेले. आक्का उकिरड्यात बसलेली होती. काठी बाजूला पडली होती आणि ती दोन्ही हातांनी शेण उकरत होती. माझी चाहूल लागली तसे तिचे हात थांबले. तिनं पदरानं तोंड झाकून घेतलं. मी घागर ठेवली आणि तिला उठवायला पुढं झाले, पण माझ्या आधी दादाराव तिथं पोचला होता. त्यानं तिला दंडाला धरून उभं केलं, घंगाळात पाणी घेतलं, तिचे हात कोपरापर्यंत धुतले. मग मला म्हणाला, "मॅडम, तुमी बसा तिच्यापाशी. मी उत्तमला बलावून आणतो."

"त्याला न्हाई," आक्का म्हणाली. "सगळ्यांला आणा, पण त्याला न्हाई."

इतक्या वर्षांत मी दादारावाला तिचं न ऐकता जाताना तेवढं एकदाच पाहिलं.

उत्तमराव आले. पायरीपाशी थांबले, नेहमी माणसं थांबायची तिथंच. आक्कानं भिंतीकडं तोंड केलं होतं. त्यांनी तिच्या थरथरत्या पायांकडं बघितलं, ओल्या हातांकडं बघितलं, आणि न विचारता वर येऊन खाटेजवळ खाली बसले.

"वैनी, किती दिवस झाले टाकून?"

आक्कानं पदर डोक्यावरून पुढं ओढला.

"मी नालीतली बाटली उचलून प्यालो होतो. कुणाला सांगितलं न्हाई आजवर. तुमाला सांगायलोय."

आक्काची पाठ हलायला लागली. ती रडत होती. मग भिंतीकडं तोंड ठेवूनच म्हणाली, "मनावर घेतलं होतं हो भावजी. खरंच घेतलं होतं."

"घेतलंच असंल की. तुमच्या मनाला मी वळखत न्हाई का? पण अंगाला सवय लागलीय. त्याला मनाचं ऐकू येत न्हाई. इलाज करावा लागतो त्याला. चला, मी नेतो."

शाळेला सुट्ट्या होत्या म्हणून मीही बरोबर गेले. परभणीला सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी विचारलं, "मावशी, दिवसाला किती घेत होतात?"

"दोन," आक्का म्हणाली.

उत्तमराव छताकडं बघत बोलले, "खरं सांगा वैनी. मीबी पयल्यांदा पावशेरच सांगितली होती."

डॉक्टरबाई हसल्या. आक्काला ते हसणं आधी झोंबलं, आणि मग तिचंही तोंड वाकडंतिकडं होऊन हसायला आलं. तिनं खरा आकडा सांगितला. आणि लगेच, कोर्टात विचारावं तसं विचारलं, "म्हंजे मी नशेबाज झाले का?"

"नशेसाठी घेत होतात का?"

"न्हाई हो. दुखायचं म्हणून."

"मग? दुखणं खरं होतं, औषधही आम्हा डॉक्टरांनीच दिलं होतं. ते जास्त दिवस चाललं आणि शरीराला त्याची सवय झाली. कुणालाही होते. चुकलं एवढंच, की तुम्ही गच्चीवरून उडी मारलीत. आता आपण जिन्यानं उतरू."

त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली, पण मोजून, आणि ठरावीक दिवसांनी थोडी थोडी कमी करायची असं सांगितलं. खुब्याच्या दुखण्याला वेगळी औषधं दिली, पायाचे व्यायाम दाखवले. दोन गोष्टी बजावल्या. आपल्या मनानं एकदम बंद करायची नाही. आणि कमी झाल्यावर कधी जीव घाबरला तरी पहिल्याइतक्या गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत, अंगाला तेवढी सवय राहत नाही, जीवावर बेततं. शेवटी विचारलं, "गोळ्या कोण सांभाळणार? तुमच्या हाताशी नकोत."

आक्का दादारावाकडं बघायला लागली. दादाराव म्हणाला, "मला न्हाई जमायचं. ती रागावली की मी देऊन टाकतो."

तेव्हा तो जिम्मा उत्तमरावांवर आला.

त्यानंतर आमच्या ओट्यावर रोज एक प्रसंग व्हायचा. उत्तमराव सकाळी कामावर जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर, अंगाला सिमेंट लागलेलं असतानाच, यायचे. खिशातून कागदाची पुडी काढायचे. "वैनी, हात पुढं करा." पहिल्या दिवशी आक्कानं हात पुढं केला आणि सवयीनं मानही पुढं नेली. उत्तमराव निमूटपणे तोंड उघडून उभे राहिले. आक्का एकदम लाजली. "जाऊ द्या," म्हणाली, "बसा. चहा टाकते."

चहा व्हायला लागला. चहाबरोबर बोलणं व्हायला लागलं. इतक्या वर्षांचं साचलेलं होतं. दोघं सासूच्या भाकरीवर बोलायची, जुन्या भांडणांवर बोलायची, आणि एकदा मी आतून ऐकलं, आक्का विचारत होती, "ताट उचललं तवा तुमाला कसं वाटलं हो?" उत्तमराव म्हणाले, "भूक लय लागली होती." त्या दिवशी आक्कानं त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही.

प्रत्येक वेळी गोळी कमी झाली की दोन-चार दिवस वाईट जायचे. पण आता काय होतंय हे माहीत होतं. पाय वळवळायला लागले की ती गरम पाण्यात सोडून बसायची, नाहीतर काठी घेऊन शाळेपर्यंत चालून यायची. पोट बिघडलं की मीठ-साखरेचं पाणी. आयुष्यभर गावातल्या आयांना तिनं ते करायला शिकवलं होतं, आता स्वतः तोंड वाकडं करून प्यायची आणि म्हणायची, "लेकरं उगं न्हाई थुंकत होती." ज्वारीची आंबील तेवढी पोटात राहायची. दादाराव तीही करायला शिकला.

सगळं सरळ झालं असं नाही. गोळ्या निम्म्याच्या खाली आल्यावर एकदा तिचा धीर सुटला. "एकच वरची द्या भावजी, आजच्या दिवस," असं आधी गोड, मग रागानं, मग हात जोडून. जोडलेले हात बघून उत्तमरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण पुडी खिशाबाहेर आली नाही. त्यांनी डॉक्टरबाईंना फोन लावला आणि फोन आक्काच्या कानाला धरला. मला वाटलं, आता बोलणी बसणार. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मावशी, उतरायची घाई नाही. ह्याच पायरीवर अजून काही दिवस बसू. दम खा." आक्कानं फोन खाली ठेवला. मग मला म्हणाली, "रागावल्या न्हाईत मॅडम. मी असते तर लय बोलले असते."

आणि एक दिवस पुडी रिकामी आली. उत्तमरावांनी नेहमीसारखं "हात पुढं करा" म्हटलं आणि हातावर एक पेढा ठेवला. आक्कानं तो मोडला, तिघांना वाटला, उरलेला तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "गोड लागायलाय की." तोंडाला चव यायला लागली होती, एवढंच तिला म्हणायचं होतं. त्या दिवसांत ती कशानंही हसायची, कशानंही रडायची. ठेच्याचा ठसका लागला तरी तिला त्याचा आनंद व्हायचा. दादारावाच्या बोलण्यातही फरक पडला. सकाळी अंगणातून त्याचं गुणगुणणं ऐकू यायला लागलं, आणि आवाज बरा होता हो त्याचा.

पुढच्या महिन्यात बायांची बैठक होती. एक बाई नवऱ्याचं रडगाणं सांगत होती, चारदा सोडली, चारदा धरली. सगळ्या आक्काकडं बघायला लागल्या. तिचं ठरलेलं वाक्य सगळ्यांना पाठ होतं. आक्का म्हणाली, "दवाखान्यात नेलं का त्याला?"

बाया एकमेकींकडं बघू लागल्या. मग आक्का काठीवर भार देऊन उठली आणि तिनं सगळं सांगितलं. गोळ्या सांगितल्या, विहारातलं गप्प राहणं सांगितलं, उकिरडाही सांगितला. मला वाटलं होतं, उकिरडा गाळेल. सांगून झाल्यावर खाली बसली. कुणी हसलं नाही. मग मागून एक म्हातारी म्हणाली, "आक्का, हिरवी-पिवळीच का गं? मीबी घेतेय. गुडघ्याला." आणि दुसरीनं पदराच्या गाठीतून पाकीटच काढून दाखवलं. पुढचा आठवडाभर आमच्या ओट्यावर बाया गोळ्यांची पाकिटं घेऊन यायच्या, आणि आक्का ओरडून सांगायची, "टाकू नका! एकदम टाकू नका गं! आधी डॉक्टरला दाखवा!" तिच्या आवाजाला पहिली धार आली होती, आणि ज्याची त्याची हाक बापाच्या नावासकट होती.

नंतर माझी बदली सेलू तालुक्यात झाली. फोन व्हायचे. खुबा थंडीत दुखतो म्हणायची, दुखायलंय पण चालतंय म्हणायची.

तिला शेवटचं पाहिलं ते परभणीच्या बसस्टँडवर. मी सेलूच्या गाडीची वाट बघत होते. फलाटावर ही गर्दी, कर्ण्यावर गाड्यांची नावं, पेरू विकणाऱ्यांचा गलका. तिकडच्या बाकावर मला उत्तमराव दिसले. त्यांच्या एका बाजूला एक तरुण बाई आणि तिचा घामेजलेला, खाली बघणारा नवरा. दुसऱ्या बाजूला आक्का होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर हात, मान मागं टेकलेली, तोंड जरासं उघडं. गाढ झोपली होती.

मी तिला उठवायला पुढं झाले. उत्तमरावांनी मला ओळखलं, हसले, आणि हात वर करून हळूच म्हणाले, "झोपू द्या मॅडम. पहाटेच निघालोय घरून. ह्याला दाखवायचंय, पण दवाखाना उघडायला टाइम हाय आणखी."

मी समोर उभी राहिले. शेजारी एसटी लागली, कंडक्टरनं घंटी मारली, माणसं पिशव्या घेऊन तिच्या पायांजवळून धावली. ती हलली नाही. माझी गाडी आली तशी मी चढले, आणि खिडकीतून पाहिलं तेव्हाही ती तशीच झोपलेली होती, आणि उत्तमराव तिच्या तोंडावरची माशी हातानं वारत होते.